तो तुकडा कुठे गेला?

संयोजकांनी विषय दिलाय, 'तीळ, चामखीळ आणि त्यांची भावंडं'. भावंडं हे त्यांचं म्हणणं. खरं तर यांचं एकमेकांशी काही नातं नाही. चामखीळ विषाणूमुळे येते, तीळ म्हणजे रंगपेशींचा पुंजका, आणि मानेवर लोंबतो तो मस हा कातडीचाच एक मऊ तुकडा. साम्य एवढंच, की नाव काढलं की माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. आत्ता तिसऱ्या रांगेत दोघांचा गेला, मी बघितलं.

ओळखायचं कसं ते सांगणारच आहे, त्यासाठीच बोलावलंय. पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या.

आमच्याकडे पेशंट येतात ते बऱ्याचदा पुरावा नष्ट करूनच. "डॉक्टर, इथे एक काळं काहीतरी होतं." होतं! आता तिथे खपली. कोणी ॲसिड लावलेलं, कोणी दोरा आवळून बांधलेला, कोणी ऑनलाइन मागवलेल्या पेनने चटका दिलेला. मग पुरावा म्हणून मोबाइल निघतो. फोटो कशाचा? लग्नातला, ग्रुप फोटो. हे मागच्या रांगेत, आणि मी दोन बोटांनी यांची मान मोठी करून बघायची.

एक गृहस्थ तर विसरताच येत नाहीत. पाठीवर लहानपणापासूनचा तीळ, शर्ट घासतो म्हणून कुठेतरी लेझरने जाळून घेतला. काम झटपट, सगळे खूश. काही महिन्यांनी त्या वणातच काळा रंग परत उमटला. आणि तोही कसा? एकीकडे गडद, एकीकडे पुसट, मधेच रेघा. मेलॅनोमाचं, म्हणजे रंगपेशींच्या कॅन्सरचं वर्णन आमच्या पुस्तकात असतं, जवळजवळ तसा. मी विचारलं, "तेव्हा तुकडा तपासायला पाठवला होता का? रिपोर्ट आहे?" म्हणाले, "तुकडा कसला हो? धूरच झाला त्याचा."

आता बघा, तीळ अर्धवट निघाला की खाली राहिलेल्या रंगपेशी वणातून वर येऊ शकतात. प्रकार निरुपद्रवी. पण डोळ्यांना फसवतो आणि कधीकधी सूक्ष्मदर्शकालाही. मी वण कापून पाठवला, तर पॅथॉलॉजिस्टचा फोन: "आधीची स्लाइड दे, त्याशिवाय मी सही करायची नाही." कुठून देऊ? मग दुसऱ्या तज्ज्ञाचं मत, पुन्हा जास्त रुंद छेद, टाके, आणि निकाल येईपर्यंत त्या घरात कोणाच्या डोळ्याला डोळा नाही. निघाला साधा तीळच. पाठीवर आता बोटभर लांब वण आहे. शर्ट त्यालाही घासतो.

आणि उलटं निघालं असतं तर? मेलॅनोमा त्वचेत किती खोल गेलाय ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ब्रेस्लो नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९७० साली ही पद्धत मांडली, आणि आजही पुढचे उपचार बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरतात. धुराची खोली कशी मोजणार? म्हणून माझा हट्ट असा, की तीळ जाळायचा नाही. काढायचाच तर कापून काढायचा, आणि तुकडा फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तो तपासणीपर्यंत टिकवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीत गेला पाहिजे.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं! अहो, मुख्य विषय तर आत्ता सुरू होतोय. बरं, पळत पळत सांगते.

चामखीळ खरखरीत असते. त्वचेवरच्या रेषा तिच्यावरून जात नाहीत, बाजूने वळसा घालतात. वरचा थर तासला की काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं म्हणतात, पण त्या रक्त गोठलेल्या बारीक वाहिन्या. तळपायावर चामखीळ की कुरूप? कुरूप वरून दाबलं की दुखतं, चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की. मुलांच्या चामखिळी पुष्कळदा दोनेक वर्षांत आपोआप जातात. सॅलिसिलिक ॲसिड चालतं, पण चेहऱ्यावर नको, आणि मधुमेह असेल तर पायावर स्वतःच्या मनाने मुळीच नको. मुलांच्या अंगावर मधोमध खळी असलेले चकचकीत दाणे दिसले तर तो विषाणूच वेगळा. मस मऊ, देठाचा, मानेवर नाहीतर काखेत. खूप असतील तर आधी रक्तातली साखर तपासा. उतारवयात पाठीवर येणारे तपकिरी, मेणचट, वरून चिकटवल्यासारखे डाग म्हणजे सेबोरिक केराटोसिस. नाव भारदस्त, स्वभाव गरीब.

तिळाचं म्हणाल तर, दोन अर्धे सारखे नसणं, कड वेडीवाकडी, रंग एकाहून जास्त, आकार सहा मिलिमीटरच्या वर, ही मेलॅनोमाचा संशय घ्यायच्या खुणांची यादी न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये केली. 'बदलतोय' हा मुद्दा नंतर जोडला गेला. मी असते तर तो पहिला घातला असता. अंगावरच्या बाकीच्या तिळांत जो परका दिसतो, तो आधी दाखवा. बिनरंगाचा मेलॅनोमाही असतो बरं का, गुलाबीसर, सहज रक्त येणारा, आणि तो चामखीळ समजून जाळत बसतात.

सावळ्या त्वचेला हे होत नाही म्हणतात. कमी होतं, पण होतं तेव्हा बऱ्याचदा तळव्यावर किंवा नखाखाली, जिथे उन्हाचा संबंध नाही. गायक बॉब मार्ली यांना पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. निदान १९७७ चं, गेले १९८१ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी. मार लागून साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं. एकाच नखावरचा काळा पट्टा हलत नसेल, उलट रुंद होत असेल, किंवा रंग शेजारच्या कातडीवर उतरला असेल तर लगेच दाखवा. आणि कृपा करून, तपासायला येताना नेलपॉलिश काढून या.

माईक मागे द्या, त्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात.