कमान जुनी, चुनाही जुनाच

श्रोतेहो, नमस्कार.

कुलाब्यात नेव्हीनगरच्या वाटेवर एक उंच दगडी सुळका लक्ष वेधून घेतो. ते अफगाण चर्च. पहिल्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सैनिकांचं हे स्मारक १८५८ मध्ये उपासनेसाठी खुलं झालं; सुळका चढला १८६५ मध्ये, जमिनीपासून सुमारे ६० मीटर.

आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. विहार तलावाची योजनाही त्याचीच. इंग्लंडात त्या काळी टोकदार कमानींची मध्ययुगीन गॉथिक शैली पुन्हा जोर धरत होती आणि वास्तुकार प्युजिन बजावत होता, की सोय, बांधणी आणि औचित्य यांना जे लागत नाही ते इमारतीत नकोच. टोकदार कमान म्हणूनच नुसती नक्षी नव्हे. गोल कमान भिंतींना बाहेर जास्त रेटते. टोकदार कमान भार बराचसा सरळ खाली उतरवते आणि उरलेला रेटा बाहेरचे दगडी टेकू पेलतात. आज आरसीसीच्या सांगाड्यावर प्लास्टरच्या कमानी चिकटवायच्या आणि त्याला पुनरुज्जीवन म्हणायचं, हे जरा धाडसाचंच.

अशा दगडी चर्चचा खरा घात होतो तो दुरुस्तीत. दरजांमध्ये, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमध्ये, सिमेंट भरलं, की भिंतीत मुरलेलं पाणी दरजेतून बाहेर पडू शकत नाही. ते दगडातून वाट काढतं. समुद्राकाठी त्यात मीठ असतंच. पाणी सुकलं की मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाच्या कडांचे पापुद्रे सुटतात. चुनखडकाचं तर फारच लवकर.

असं सिमेंट ग्राइंडरने काढू नका, पातं दगडात घुसतं. छिन्नी-हातोडीने, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट खोल कोरा. धूळ धुऊन काढा, दरज ओलसर ठेवा. दरज भरायला काही आठवडे मुरवलेला एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू चालणार नाही, तिच्यातून मीठ परत येतं. पावसाचा मारा खाणाऱ्या बाजूला थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घाला, कारण निव्वळ चुना दमट जागी धड घट्ट होत नाही. खोल दरज दोन थरांत भरा, नाहीतर आकसून भेग पडते. वर ओलं गोणपाट, किमान आठवडाभर. काम काढायचं ते दिवाळीनंतर.

आणि भरलेली दरज दगडाच्या कडेपेक्षा किंचित आतच राहू द्या. बाहेर आली तर पावसाचं पाणी तिच्यावरच थांबतं.