खाणीतली तांबडी रेघ

(दृश्य: पन्हाळ्याची डोंगररांग, सकाळ)

वाघबीळ मागं टाकलं की डोंगराच्या पायऱ्या दिसायला लागतात. पाहुणे हमखास विचारतात, ज्वालामुखी नेमका कुठं होता? शिखर, त्यावर खड्डा, त्यातून धूर, असलं इथं काही नव्हतंच. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि लाव्हा त्यांतून वर येऊन पसरत गेला. थरावर थर. त्यांतल्या एका थरसमूहाला भूशास्त्रात नावच आहे, ‘पन्हाळा फॉर्मेशन’.

(दृश्य: खाणीची उभी भिंत, कॅमेरा खालून वर)

ही भिंत खालून वर वाचायची. तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात, वायूच्या बुडबुड्यांचे माग. त्या एका अंगाला कलल्या असतील, तर लाव्हा त्या दिशेनं चालला होता. मधला काळा पाषाण सगळ्यात सावकाश निवला, म्हणून घट्ट. वर जावं तशी भोकं वाढतात. लाव्ह्यावर आधी साय धरली, आतून नवा लाव्हा येतच राहिला आणि तव्यावरची भाकरी फुगावी तशी ती साय वर उचलली गेली. एवढा जाड थर, पण एका लोंढ्यात आलेला नाही!

भोकांत पुढं पाण्यानं खनिजं आणून भरली. हा पांढरा खडा झिओलाइटचा. विहीर खणणारे असल्या ठिसूळ दगडाला मांजऱ्या म्हणतात.

(दृश्य: तांबडा पट्टा, त्यावर हाताची वीत)

आता ही रेघ. जेमतेम वीतभर. खालचा थर निवला, ऊन-पाऊस खाऊन त्याची माती झाली, त्यातलं लोह गंजून ती तांबडी पडली. मग पुढचा लाव्हा वरून आला आणि ती भाजून निघाली. दोन लाव्ह्यांमधली सुट्टी म्हणा. आमच्या मते अख्ख्या भिंतीत बघण्यासारखं हेच.

(दृश्य: बांदिवडे, दगडी खांब)

पन्हाळा तालुक्यातलंच बांदिवडे. आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो, तसा निवताना आकसलेला हा दगड तडकला. भेगा आत आत शिरल्या, खांब सुटे झाले. निवणाऱ्या पृष्ठभागाशी ते काटकोनात वाढतात. खांब वाकला असेल, तर थंडावा एकाच बाजूनं येत नव्हता.

(दृश्य: क्रशर, धूळ, डंपर)

दुसऱ्यांदा शूटिंगला गेलो तेव्हा खाणीची भिंत चार-पाच फूट मागं सरकली होती. तांबड्या मातीची खडी होत नाही. ती बाजूच्या ढिगात पडली होती.