२८ ऑगस्ट

(काळोख. कापसाची शेतं. दूरवर एका घराचा दिवा.)

रात्रीचे अडीच वाजलेत. मिसिसिपी राज्यात, मनी नावाच्या खेड्याजवळ, मोझ राइट यांच्या दारावर थापा पडतात. तारीख २८ ऑगस्ट १९५५. बाहेर दोन गोरे. एकाच्या हातात पिस्तूल आणि बॅटरी. शिकागोहून आलेला पोरगा त्यांना हवाय.

एमेट टिल. वय वर्षं १४. आईच्या मावशीकडे, म्हणजे मोझ राइट यांच्या घरी, सुट्टीला आलेला. चार दिवसांपूर्वी किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईशी आगाऊपणे वागला, हा त्याच्यावरचा आळ. त्याला गाडीत घालून नेलं, ते कायमचंच.

तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत त्याचं प्रेत सापडलं. गळ्यात काटेरी तारेनं जखडलेला जिनिंगचा अवजड लोखंडी पंखा. चेहरा राहिलाच नव्हता. ओळख पटली ती बोटातल्या अंगठीवरून. ती त्याच्या वडिलांची, लुई टिल यांची, वर एल. टी. ही अक्षरं कोरलेली.

आता त्याच्या आईकडे पाहा. मेमी टिल यांनी शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या लेकराचं काय केलंय ते जगाला दिसू दे, हाच त्यांचा हट्ट. शिकागोत हजारो माणसं रांगेनं त्या पेटीसमोरून गेली. ‘जेट’ मासिकानं फोटो छापला आणि तो घरोघरी पोहोचला.

खटल्यात मोझ राइट साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी आरोपींकडे बोट दाखवलं. त्या काळच्या मिसिसिपीत एका काळ्या शेतकऱ्यानं गोऱ्यावर असं बोट रोखणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. ज्युरीतले बाराही जण गोरे पुरुष. तासाभरात आरोपी निर्दोष सुटले. पुढं त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यांवर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालवता येत नव्हता.

(अमेरिकी संसदेच्या सिनेटचं सभागृह.)

दोन वर्षांनी, २८ ऑगस्ट १९५७ च्या रात्री, सिनेटर स्ट्रॉम थरमंड नागरी हक्कांचं विधेयक अडवायला उभे राहिले. भाषण चालू असेपर्यंत मतदान होत नाही, म्हणून २४ तास १८ मिनिटं बोलले. विधेयक तरीही मंजूर झालं.

(लिंकन स्मारक. गर्दी.)

आणि २८ ऑगस्ट १९६३. वॉशिंग्टन. अडीच लाख माणसं. मागण्या दोन, रोजगार आणि स्वातंत्र्य. एवढा मोर्चा बायर्ड रस्टिन यांनी जेमतेम दोन महिन्यांत उभा केला. न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये स्वयंसेवकांनी ८०,००० जणांचे डबे भरले होते: चीज सँडविच, केकचा तुकडा, एक सफरचंद. मला भाषणाइतकेच हे डबेही महत्त्वाचे वाटतात.

शेवटी मार्टिन ल्यूथर किंग बोलायला उभे राहिले. समोर लिहिलेलं भाषण होतं. मागून गायिका महेलिया जॅक्सन यांनी हाक दिली, मार्टिन, त्यांना त्या स्वप्नाबद्दल सांग. किंग यांनी कागद बाजूला सारला. पुढचं, ‘माझं एक स्वप्न आहे’, जगाला पाठ आहे.

याच तारखेला, २००८ मध्ये, डेन्व्हरच्या स्टेडियममध्ये बराक ओबामांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारली.

(नदीकाठ. दुपार.)

टॅलाहॅचीच्या काठावर एमेटच्या नावाचा फलक आहे. पहिला चोरीला गेला. नंतरच्या फलकांची गोळ्या झाडून चाळण केली. २०१९ मध्ये बसवलेला फलक जाड पोलादाचा आहे, त्यातून गोळी आरपार जात नाही.