आईच्या कामाची नोंद

नमस्कार श्रोतेहो.

आई गेल्यावर तेराव्याला एखादी बाई येते, कोपऱ्यात बसून डोळे पुसते, आणि घरातल्या कुणालाच तिचं नाव ठाऊक नसतं. जिनं आयुष्यभर समाजकार्य केलं, तिच्या घरी हे हमखास घडतं. त्या बाईचं नाव, पत्ता, फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्या. आईच्या कामाची खरी माहिती घरात कमी आणि अशा माणसांकडे जास्त असते. 'प्रेमळ', 'कष्टाळू' हे शब्द श्रद्धांजलीच्या पत्रकात येतातच. पण ती सकाळी पिशवी घेऊन कुठं जायची आणि तिथं काय करायची, हे त्यातून नातवंडांना कसं कळणार?

म्हणून तिच्या कामाची एक छोटी पुस्तिका करा. सुरुवात कपाटापासून. कस्तुरबा गांधींच्या स्मारक ट्रस्टचं मुख्य केंद्र आपल्या इंदूरच्या कस्तुरबाग्रामात, आणि इंदूर स्कूल ऑफ सोशल वर्क १९५१ पासून इथंच. त्यामुळे इंदूरच्या घरांत प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, बालवाडीच्या हजेरीवह्या, शिवणवर्गाची पावतीपुस्तकं, महिला मंडळाचे अहवाल सापडू शकतात. दिवाळीच्या साफसफाईत हेच आधी रद्दीत जातं. वर्षभर तरी काही टाकू नका. कागद ज्या क्रमानं सापडले त्याच क्रमानं ठेवा; वहीत खोचलेली चिठ्ठी ज्या पानात होती, तिथंच तिचा अर्थ लागतो.

गंजलेल्या टाचण्या हलक्या हातानं काढा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा सोडवता येत नाही. पावसाळ्यात ओल धरलेले कागद उन्हात टाकले तर शाई उडते आणि कागद आकसतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर सुकवा. काचेला चिकटलेला फोटो ओढलात तर चेहरा काचेवरच राहील. तो काचेसकट स्कॅन करा. स्कॅनरवर बारकावा ठरवणारा डीपीआयचा आकडा फोटोंना ६००, कागदांना ३०० ठेवा. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल वापरा.

कॅसेट सापडली, तर वाजवण्याआधी तिच्या वरच्या कडेचे दोन्ही छोटे खटके मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असतात.

फोटोंवर तारखा नसतात, पण शहर मदत करतं. हंड्यांची लांबच लांब रांग दिसली, तर तो इंदुरात नर्मदेचं पाणी येण्याआधीचा असू शकतो. एवढ्यावरून साल मात्र ठरवू नका. इथली हुकुमचंद कापड मिल १९९१ मध्ये बंद पडली. मिल कामगारांच्या वस्तीतल्या बायकांना 'तुमच्या घरी पगार येत होता तेव्हाचं की नंतरचं?' असं विचारलंत, तर वर्ष पटकन हाती लागतं.

आता माणसं. वस्तीत आईचं नाव फार थोड्यांना माहीत असतं, तिथं ती 'बहनजी' असते. म्हणून सोबत फोटो न्या, आणि तोही शेवटच्या आजारपणातला नको, काळ्या केसांचा, त्या काळातला. प्रश्न मुलानं किंवा सुनेनं विचारू नयेत. त्यांच्यासमोर लोक फक्त कौतुक करतात. भाची, शेजारीण, कुणी तिऱ्हाईत बसवा. 'त्या कशा होत्या?' असं न विचारता 'किती वाजता यायच्या? पहिल्यांदा दार कुणी उघडलं? सासूबाई काय म्हणाल्या?' असं विचारा. कुणी इथल्या माळवी बोलीत बोललं तर माळवीतच लिहा, त्याचं मराठी करू नका. फोन फ्लाइट मोडवर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. स्टीलच्या टेबलावर प्रत्येक कपाचा आवाज येतो. सुरुवातीला तारीख, जागा, नाव बोलून घ्या. तासाभराहून जास्त बसू नका, वयस्कर माणसं थकतात आणि मग सगळ्याला 'हो' म्हणतात.

एका बाबतीत फार जपा. नवऱ्याची मारहाण, सोडचिठ्ठी, लपवलेलं बाळंतपण, अशी प्रकरणं आईच्या वह्यांत नावानिशी असतील. त्या बायकांनी विश्वास आईवर टाकला होता, तुमच्यावर नाही. ही पानं कुणाला वाचून दाखवू नका, व्हॉट्सअॅपच्या गटात तर मुळीच टाकू नका. पुस्तिकेत नाव, गल्ली, नवऱ्याचा धंदा, सगळं गाळा.

पुस्तिका सोळा पानांची पुरते. पिनबांधणीला पानं चारच्या पटीत लागतात, म्हणून सोळा किंवा वीस. न जमलेली कामंही लिहा: बंद पडलेला वर्ग, परत न आलेल्या मुली, मंडळात झालेले वाद. ते गाळलं तर तिला किती झगडावं लागलं, हे दिसतच नाही. संस्थेच्या मालकीच्या वह्या संस्थेला परत करा, स्वतःकडे स्कॅन ठेवा, आणि त्या स्कॅनची एक प्रत दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या. वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटणार असाल, तर पहिल्या प्रती वस्तीत पोचवा. तिथं ज्यांना वाचता येत नाही, त्यांना बसून वाचून दाखवा. चुकलेली नावं आणि वर्षं वस्तीतल्या बायकाच सांगतील, ती दुसऱ्या छपाईत दुरुस्त करता येतात.

नमस्कार.