पायाळू माणूस आणि वळवाची वीज

(दृश्य: येळ्ळूरचं शिवार, मागे राजहंसगड, गडावर चढत आलेले काळे ढग)

रोहिणी नक्षत्र लागलंय. येळ्ळूरच्या शिवारात भाताची धूळवाफ पेरणी सुरू आहे. सकाळपासून रान तापलेलं, आणि दुपार कलली तसं आभाळ भरून येतं. वळीव येणार. बांधावरून हाक येते, "पायाळू कोण असंल तर घराकडं चला रे!"

बेळगाव-खानापूर भागात आजही हे मनापासून मानतात: जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्यावर वीज पडते. या हाकेत काळजी आहे, पण तिच्यामुळं एकजण घरी जातो आणि बाकीचे दहाजण रानातच थांबतात.

(दृश्य: वर वर फुगत जाणारा ढग)

तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर उसळते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. खाली आपल्याला घामाच्या धारा, आणि वर ढगाच्या पोटात पाणी गोठतंय. तिथं बर्फाचे हलके स्फटिक आणि गारेसारखे जड, मऊ कण एकमेकांवर आपटत राहतात. या टकरींत स्फटिकांवर धन भार येतो आणि ते वाऱ्याबरोबर माथ्याकडं जातात. जड कण ऋण भार घेऊन खालच्या अंगाला राहतात. त्या ऋण भाराच्या ओढीनं खालच्या जमिनीवर धन भार गोळा होतो.

मग ढगातून एक अंधूक वाट खाली निघते. साधारण ५० मीटरची एक झेप, क्षणभर थांबा, पुन्हा झेप, आणि वाटेत फाटे. कुठं पडायचं, हे अजून ठरलेलं नसतं. ती जमिनीजवळ आली की जमीनही उत्तर देते. झाडाच्या शेंड्यावरून, देवळाच्या कळसावरून, मोबाईलच्या टॉवरवरून ठिणग्या वर झेपावतात. उंच आणि टोकदार जागी विद्युतक्षेत्र एकवटतं, म्हणून तिथली ठिणगी आधी निघते आणि बहुतेक वेळा तीच वरच्या वाटेला गाठते.

वाट जुळली की हजारो अँपिअरचा प्रवाह वाहतो. हवा सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते, स्फोटासारखी फाकते, आणि आपण म्हणतो, ढग गडगडला. डोळे दिपवणारा तो लखलखाट खालून वर गेलेला असतो!

(दृश्य: बेळगावचा किल्ला तलाव, काठावरचा ध्वजस्तंभ)

हा स्तंभ ११० मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवर वीज पुन्हा पुन्हा येऊ शकते. म्हणून उंच इमारतींवर वीजवाहक बसवतात. १७५२ च्या सुमाराला बेंजामिन फ्रँकलिननं सुचवलेली ही युक्ती: टोकदार सळई, तिच्यापासून जाड तार, आणि तार थेट जमिनीत. वीज टळत नाही, तिला भिंतीबाहेरून वाट मिळते.

भाताच्या रानात मात्र कळस नाही, टॉवर नाही. तिथं पाच फुटी माणूसच सगळ्यात उंच. तो जन्मला कसा, हे ढगाला कुठून कळणार?

आंब्याखाली पळावं, तर आंबा त्याहून उंच. खोडावरची वीज शेजारी उभ्या माणसावर उडी घेते, आणि मुळांवाटे जमिनीतही पसरते. जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून तो प्रवाह त्याच्या अंगातून, काळजातून जातो. झाडाखाली बांधलेली बैलजोडी अंगावर वीज न पडताही जाते, ती अशी.

(दृश्य: दूरवर लखलखाट, मग आवाज)

वीज दिसली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायला लागा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तिसाच्या आत गडगडाट आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲपही आसपासच्या विजेची सूचना देतं. अशा वेळी कुरी (पेरणीचं औजार) तिथंच सोडायची, बैल मोकळे करायचे आणि पक्कं घर गाठायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कुणीच रानात परतायचं नाही, पायाळू असो वा नसो.