कुणाचं हाय?

(दृश्य: पहाट. सरळ लांब गेलेली डांबरी पट्टी, तारेचं कुंपण, पलीकडं सोयाबीन. टिटवीचा आवाज.)

निवेदन:
लातूर शहरापासून साधारण १२ किलोमीटर. चिंचोली राववाडीच्या शिवारातला लातूरचा विमानतळ. इथं आम्ही दोन दिवस कॅमेरा लावून बसलो होतो. पहिल्या दिवशी या धावपट्टीवर उतरली ती फक्त एक टिटवी.

१९९१ साली सार्वजनिक बांधकाम खात्यानं ही पट्टी बांधली. ऐकायला सोपं वाटतं. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, काळ्या रानात बांधकाम म्हणजे काय ते. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि अशी भेगाळते की शेळीचा खूर अडकावा. घराच्या भिंती याच मातीनं तडकतात. मग टनावारी वजनाचं विमान वेगानं आदळायचं, तर आधी काळी माती उपसायची, मुरूम भरायचा, त्यावर खडीचे थर, प्रत्येक थरावर रोलर. वर दिसतं ते नुसतं डांबर. खरं काम खाली गाडलेलं असतं.

(दृश्य: वाऱ्यानं फुगलेली पट्ट्यापट्ट्यांची कापडी पिशवी.)

लहान विमानतळावरची सगळ्यात साधी वस्तू ही. वारा कुठून येतोय ते वैमानिकाला वरूनच कळतं, कारण विमान उतरवायचं ते वाऱ्याकडं तोंड करून. खळ्यावर धान्य उफणणाऱ्याला वाऱ्याची पारख लागते, तशीच इथंही.

पट्टीच्या टोकाला मोठे आकडे रंगवलेले असतात. ते होकायंत्रावरचे अंश, शेवटचं शून्य काढून. पूर्वेकडं, म्हणजे ९० अंशांवर, धावणाऱ्या पट्टीवर ०९, तीच उलट बाजूनं २७. नियंत्रण मनोरा नसेल तिथं वैमानिक रेडिओवर स्वतःच सांगत येतो, मी इथं आहे, आता वळतोय, आता उतरतोय. नुसत्या नजरेच्या भरवशावर यायचं, तर किमान ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसायला हवं.

विमान येणार असं कळलं की खाली धांदल उडते. जीप या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. दगड उचलायचे, कुत्री हाकलायची, पाखरं उडवायची. आगीचा बंब तयार ठेवायचा. टिटवी मोकळ्या जमिनीवरच अंडी घालते, त्यामुळं तिला ही जागा कुणीतरी खास तिच्यासाठीच साफ करून दिल्यासारखी वाटत असावी.

(दृश्य: रिकामी धावपट्टी, दुपार.)

२००९ साली राज्य सरकारनं लातूर, नांदेड, धाराशिव, बारामती आणि यवतमाळ हे पाच विमानतळ एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्यानं दिले. मुदत, ९५ वर्षं. इथला शेतकरी बटईचा करारसुद्धा सालाच्या बोलीवर करतो! पुढं हे विमानतळ परत ताब्यात घेण्याची भाषा सरकारलाच करावी लागली.

शेजारच्या नांदेडला गुरुद्वारा आहे, देशभरातून भाविक येतात. गुरु ग्रंथसाहिबला गुरुपद मिळाल्याला तीनशे वर्षं झाली, त्या २००८च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यासाठी तिथला विमानतळ नव्यानं सजला. २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांना स्वस्त विमानसेवा देणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेतल्या अगदी पहिल्या विमानांमध्ये नांदेड–हैदराबाद होतं. तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांपुरतं तिकीट २५०० रुपयांच्या आत. पुढं ती सेवा देणारी विमान कंपनी थांबली. काही काळानं दुसरी आली. विमान एकदा आलं म्हणजे येतच राहील, असं नसतं. जाताना भरलं आणि येताना रिकामं, तर ते फार दिवस उडत नाही.

आणि लातूरकराचा जीव खरा रेल्वेत. रात्री बसलं की सकाळी मुंबई. २०१६च्या एप्रिलमध्ये तर मिरजेहून प्यायचं पाणीसुद्धा रेल्वेनंच आलं. २०१७ साली मुंबईची गाडी आठवड्यातले काही दिवस बिदरपर्यंत नेली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. आपल्या गाडीत आपल्यालाच जागा मिळणार नाही, ही धास्ती. विमानासाठी गाव इतकं पेटल्याचं आम्हाला तरी कुणी सांगितलं नाही.

(दृश्य: दुसरा दिवस, सकाळ. कुंपणाजवळ सोयाबीन काढणाऱ्या बाया.)

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास जीप पळाली. बंबाचं इंजिन सुरू झालं. मग आभाळात एक ठिपका दिसला. बायांनी विळे थांबवले, डोळ्यांवर हात धरले.

“कुणाचं हाय?” एकीनं विचारलं.

“पुढारी असंल. नाहीतर कुणी डॉक्टर.”

“किती माणसं बसत्यात गं त्यात?”

“सात-आठ.”

“मंग आपल्या टमटममधी जास्त बसत्यात की!”

विमान टेकलं, धूळ उडाली. बाया हसत पुन्हा खाली वाकल्या. टिटवी मात्र बराच वेळ वर घिरट्या घालत ओरडत होती.