टुंड्रावरचे दोन बाप

अलास्काचं उत्तर टोक, उत्कियाग्विक. २०१६ पर्यंत नकाशावर हे गाव बॅरो या नावाने सापडायचं. जून लागलाय. समुद्र अजून गोठलेलाच, पण गावामागच्या टुंड्रावर आता बर्फाचे पट्टे आणि मध्ये मध्ये डबकी. घड्याळात रात्रीचे दोन वाजलेत आणि लख्ख ऊन पडलंय. मे महिन्यात वर आलेला सूर्य इथे ऑगस्ट लागेपर्यंत मावळत नाही.

हा घुमणारा आवाज ऐका. पेक्टोरल सँडपायपर या पक्ष्याचा नर. छातीची पिशवी फुगवून मादीच्या डोक्यावरून जमिनीलगत उडतोय, हू-हू-हू करत. उतरला की पुन्हा तिच्या मागे. तेवढ्यात दुसरा नर हद्दीत शिरला, तर आधी त्याला पिटाळायचं. मग झोपायचं कधी? इथल्याच नरांवरचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातला एक पठ्ठ्या १९ दिवसांतला ९५ टक्के वेळ जागा होता! ज्यांची झोप सगळ्यांत कमी, त्यांचीच पिल्लं सगळ्यांत जास्त निघाली. म्हणजे याला आळशी म्हणायची सोय नाही. पण घरटं, अंडी, पिल्लं? ते सगळं तिने बघायचं. हा पुढच्या मादीकडे, नाहीतर थेट दूरच्या एखाद्या टुंड्रावर. आपल्या शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात येणारे कर्ल्यू सँडपायपरही सायबेरियात संसार करतात तो असाच, आईच्या जिवावर.

आता शेजारचं डबकं बघा. रेड फॅलरोप. विटकरी अंग, पांढरे गाल, पिवळी चोच, अशी जी उठून दिसतेय ती मादी. फिकट आहे तो नर, आणि त्याच्यासाठी माद्या आपसांत भांडतात. ही भोवऱ्यासारखी गरगरतेय ती उगाच नाही. पाणी ढवळून वर आलेले बारीक जीव टिपतेय. चार अंडी घातली की ही मोकळी.

नर गवतात बसलाय. जवळ जाऊनही पटकन दिसत नाही, कारण आजूबाजूची पाती चोचीने ओढून त्याने डोक्यावर छप्पर केलंय. अंड्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला, म्हणून एवढ्याशा पोटाखाली चारही मावतात. जवळजवळ तीन आठवडे एकट्याने उबवायची. भूक लागली की डबक्यावर घाईघाईने चार किडे, की परत. कोल्हा फिरतोय, वर अंडी-पिल्लं पळवणारा जेगर पक्षी घिरट्या घालतोय.

पिल्लं अंग सुकलं की दिवसाभरात घरटं सोडतात. बाप भरवत नाही, किडे त्यांचे त्यांनी शोधायचे. गारठली की त्याच्या पोटाखाली शिरतात. तोवर सँडपायपरचे नर दक्षिण अमेरिकेच्या वाटेलाही लागलेले असतात.